पिचकारीचं गणित आणि जुन्या गाडीचा शॉकअप

"स्प्रिंगा बसल्यात. जाड ऑइल टाका, गाडी एकदम टाइट होईल." वडिलांच्या १९९४ सालच्या १०० सीसी मोटरसायकलबद्दल गेल्या महिन्यात हा सल्ला मला तीन ठिकाणी मिळाला. तिन्ही ठिकाणी तो चुकीचा होता. शॉकअपमधलं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांमधलं, तेल फक्त वंगणासाठी असतं, या समजातून तो येतो.

स्प्रिंग धक्का नाहीसा करत नाही, साठवून परत देते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका स्पीडब्रेकरनंतर पुढे बरंच अंतर नाचत राहील. त्या नाचात चाक वर उचललं जातं तेव्हा टायरची रस्त्यावरची पकड सुटते आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक दाबला, तर गाडी घसरते. तो नाच थांबवायचं काम तेलाचं. १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर१२ला तेलाने आवरणारा दुर्बिणीसारखा शॉकअप आला. आपल्या जुन्या गाड्यांतली रचना मुळात तीच.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी निमूट बाहेर येतं, एका दमात रिकामी करायला गेलं तर हात दुखतो. शॉकअपच्या आतल्या दांडीला अशीच बारीक छिद्रं असतात आणि चाक वर आलं की तेलाला त्यांतून पळावं लागतं. छिद्रातून वेगाने जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, विरोध चौपट, वेग तिप्पट, विरोध नऊपट. म्हणून हीच गाडी लांबट उंचवट्यावर मऊ लागते आणि पुण्याच्या पौड रस्त्यावरच्या धारदार खड्ड्यात मनगटाला झटका देते. या वेगवान प्रवाहात विरोध मुख्यतः छिद्राच्या आकारावर आणि तेलाच्या घनतेवर ठरतो, दाटपणाचा, म्हणजे तेल किती जाड-चिकट आहे याचा, वाटा कमी. दाटपणा जाणवतो तो संथ हालचालीत. जाड तेल घातलं की शॉकअप सावकाश परततो, ओळीने आलेल्या रम्बलरवर पूर्ण उघडायच्या आत पुढचा उंचवटा येतो आणि शॉकअप खाली खाली बसत जातो. गाडी 'टाइट' वाटते ती यामुळे.

मग ऊर्जा जाते कुठे? पुढच्या चाकावर १०० किलो भार ५ सेंटिमीटर खाली आला, तर सुमारे ४९ ज्यूल सुटतात. त्यांची उष्णता होते. दोन्ही पायांत मिळून ३०० मिली तेल असेल, तर ते एका धक्क्याला जेमतेम ०.१ अंशाने तापतं.

तेलाच्या वर हवा कोंडलेली असते, तीही स्प्रिंगच. तेल जास्त भरलं की हवेला जागा उरत नाही. ती चौथ्या हिश्श्यावर दाबली गेली की दाब जवळपास चौपट होतो आणि सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, फुटू शकतं. म्हणून तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या जातीचंच हवं आणि दोन्ही पायांत सारखं, मिलीमध्ये मोजून.

आता तपासणी. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबलं तर ठीक, डोलत राहिलं तर तेल गेलंय. पायातल्या चकचकीत सरकत्या पाइपवर तेलाचं कडं दिसलं तर सील गेलंय. पण नवं सील घालण्याआधी पाइपवरून नख फिरवा. गंजाचा खड्डा लागला तर तो नवं सीलही महिन्याभरात कापेल. बारीक खरबरीतपणा १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, गोल फिरवत जातो. खोल खड्डा असेल तर हार्ड क्रोमचा मुलामा किंवा नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानातून नवा पाइप. सीलची बारीक स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे, म्हणजे खाली. पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढली की सीलचा ओठ कापला जात नाही.

ब्रेक मारल्यावर टक्क आवाज येतो तो बऱ्याचदा शॉकअपचा नसून कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा असतो. चाक अधांतरी ठेवून दोन्ही पाय पुढेमागे हलवा, खेळ लगेच कळतो.

पडल्यानंतर गाडी एका बाजूला ओढते म्हणून हँडलला लिंबू-मिरची बांधणारे शिकलेले लोक मी पाहिलेत. मला याचा राग येतो, कारण वाकलेला पाइप माणसाचा जीव घेऊ शकतो. पाइप काढून जाड काचेवर गडगडवा. खाली उजेडाची फट उघडझाप करताना दिसली, तर पाइप वाकलाय. दोन्ही पाय धरणाऱ्या चिमट्यांचे बोल्ट सैल करून सरळ होतो तो फक्त पीळ.

वडिलांच्या गाडीतून निघालेलं तेल राखाडी होतं, एका पायात तर निम्मंच. सील आणि तेल बदललं, स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या. पाइप कोरडे पुसून दोन दिवस गाडी चालवली आणि काल संध्याकाळी बोट फिरवून पाहिलं. कडं नव्हतं.