स्पर्धा व ग्राहक संरक्षण कायदे, भारतातील

बाजारातील मक्तेदारी, व्यापाऱ्यांचे संगनमत आणि ग्राहकाची फसवणूक यांना आळा घालणारे कायदे. स्पर्धा अधिनियम, २००२ आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हे सध्याचे दोन मुख्य अधिनियम होत. ते आज स्वतंत्र असले, तरी त्यांचे मूळ बऱ्याच अंशी सामाईक आहे.

या कायद्यांची परंपरा कौटिलीय अर्थशास्त्रापर्यंत नेण्याचा प्रघात आहे. त्यातील ‘कण्टकशोधन’ (समाजकंटकांचा बंदोबस्त) या चौथ्या अधिकरणात ‘वैदेहकरक्षण’ (वैदेहक म्हणजे व्यापारी) नावाचा अध्याय येतो. रक्षण व्यापाऱ्यांचे नव्हे, व्यापाऱ्यांपासून प्रजेचे, असा त्याचा रोख. द्रोण या मोठ्या मापात अर्ध्या पलाचा (पल हे लहान वजन) फरक क्षम्य आहे. एक पल कमी-जास्त भरल्यास बारा पण (त्या काळचे नाणे) दंड. संगनमताने माल अडवून ठेवणाऱ्या किंवा अवाजवी भावाने खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र एक हजार पण. ग्रंथाच्या काळाबद्दल एकमत नाही. ग्रंथाचे संपादक-अनुवादक र. पं. कंगले यांनी इ. स. पू. चौथ्या शतकाची परंपरागत बाजू मांडली. अभ्यासक ट्राउटमन यांनी शैलीच्या संख्याशास्त्रीय तपासणीवरून तो एकाहून अधिक हातांचा ठरवला. दुसरे अभ्यासक ऑलिव्हेल त्याची रचना बरीच अलीकडे, इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास आणतात. अनेक थरांचा ग्रंथ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. काळ कोणताही धरला, तरी आधुनिक कायदा या ग्रंथातून उतरलेला नाही. माप, भाव आणि संगनमत एकाच अध्यायात यावे, हे साम्य तेवढे लक्षणीय आहे.

आधुनिक धागा इंग्रजी अमदानीत सुरू होतो. करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ने व्यवसायास प्रतिबंध करणारे करार काही अपवाद वगळता शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, ठरवले. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये माल पारखून घेण्याची जबाबदारी मुख्यतः ग्राहकावरच राहिली.

संविधानाच्या अनुच्छेद ३९(ग)मध्ये संपत्तीचे अहितकारक केंद्रीकरण टाळण्याचे तत्त्व आले. न्या. के. सी. दासगुप्ता यांच्या मक्तेदारी चौकशी आयोगाने १९६५ मध्ये अहवाल दिला. त्यातून मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ निघाला आणि १ जून १९७० रोजी अंमलात आला. त्याचा भर उद्योगसमूहांच्या आकारावर होता: वीस कोटी रुपयांची मत्ता ही नियंत्रण लागू होण्याची मर्यादा, पुढे १९८५ मध्ये शंभर कोटी.

ग्राहक या कायद्यात शिरला तो १९८४ मध्ये. मक्तेदारी कायद्याचा आढावा घेणाऱ्या सच्चर समितीच्या शिफारशींना अनुसरून कलम ३६क घातले गेले आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ (खोट्या जाहिराती, फसव्या सवलती इत्यादी) या कायद्याखालील मक्तेदारी आयोगाच्या कक्षेत आल्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ने या संज्ञेची वेगळी व्याख्या केलीच नाही, कलम ३६कचा नुसता हवाला दिला. ग्राहक कायद्याला स्वतःची पूर्ण व्याख्या मिळाली ती १९९३ च्या दुरुस्तीने. म्हणजे काही वर्षे तक्रार ग्राहक मंचात (१९८६ च्या कायद्याखालील तक्रार निवारण मंचात) आणि व्याख्या मक्तेदारी कायद्यात, असा संसार होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. वकिलांची सेवा मात्र २०२४ मध्ये वगळली.

स्पर्धा धोरणाविषयीच्या राघवन समितीच्या अहवालानंतर आलेल्या स्पर्धा अधिनियमाने आकाराऐवजी वर्तन पाहिले. संगनमत व प्रभुत्वाचा गैरवापर यांविषयीची कलमे २० मे २००९ पासून, विलीनीकरणाविषयीची १ जून २०११ पासून लागू झाली. अनुचित व्यापारी प्रथांना या अधिनियमात जागा नव्हती. जुना कायदा २००९ मध्ये निरसित होताच त्या ग्राहक कायद्याकडेच उरल्या.

दंडाचा हिशेब हा स्पर्धा कायद्यातील एक वादग्रस्त भाग. धान्यगोदामांत वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइड गोळ्यांच्या निविदेत तीन कंपन्यांनी एकच दर भरला होता. दंड कंपनीच्या संपूर्ण उलाढालीवर की फक्त गोळ्यांच्या? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘संबंधित उलाढाल’, म्हणजे फक्त गोळ्यांची, धरली. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीशी जोडली.

ग्राहक चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत ही संघटना १९८६ च्या कायद्याच्या आधीची. २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने मंचांचे जिल्हा आयोग केले, सदोष मालाबद्दल उत्पादकाचे दायित्व आणले आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापले.