सा ची ओढ मोजायची कशी?

गाणारा शुद्ध नी वर थांबला की आतून वाटतं, अरे आता सा लाव की! ही ओढ कानात असते, डोक्यात असते की नुसती सवय असते, यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ काम चाललंय, आणि त्यातला सगळ्यात भारी भाग मला तरी १९७९ नंतरचा वाटतो.

त्याआधी हेल्महोल्ट्झ. या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या पुस्तकात सांगितलं की दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या उपस्वरांमुळे, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप वाजणाऱ्या वरच्या बारीक स्वरांमुळे, आवाज थरथरतो आणि थरथर वाढली की कानाला खुपतं. पटतं, पण तानपुरा बंद करून एकटा नी लावला तरी ओढ राहतेच ना, मग? १९५६ मध्ये अमेरिकेत संगीताचे अभ्यासक लेनर्ड मायर यांनी विषय अपेक्षेकडे नेला. ऐकणारा पुढचा स्वर मनात धरून चालतो, तो लांबला किंवा हुकला की ताण येतो. सुंदर म्हणणं आहे, पण मोजणार कसं?

ते कॅरोल क्रमहान्सल आणि रॉजर शेपर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अगदी साधेपणाने करून दाखवलं. सप्तक नी पर्यंत वाजवायचं, वरचा सा द्यायचाच नाही, मग एक सुटा स्वर वाजवायचा आणि विचारायचं, हा कितपत बसतो, १ ते ७ मध्ये सांगा. १९८२ मध्ये क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी हेच पुढे नेलं, त्यांचे मेजर स्केलचे (म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या सप्तकाचे) आकडे आपल्या स्वरांत मांडले तर सा ६.३५, प ५.१९, शुद्ध ग ४.३८, आणि पार तळाला कोमल रे २.२३. शुद्ध नी स्केलमधलाच असूनही फक्त २.८८, सातही स्वरांत सगळ्यात कमी! याच पेपरात ९ कॉर्ड्सच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही स्वर) मालिका एकेक कॉर्ड वाढवत ऐकवल्या, त्यामुळे चालू गाण्यात पट्टी बदलली तर कान नवा सा कधी धरतो तेही दिसलं, जवळच्या पट्टीत लवकर, लांबच्या पट्टीत उशिरा.

पण हे सगळं पाश्चात्त्य कानांचं झालं. म्हणून १९८४ चा कॅस्टेलानो, जमशेद भरुचा आणि क्रमहान्सल यांचा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांनी हिंदुस्थानी संगीतातले १० राग घेतले, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही श्रोत्यांना ऐकवले आणि तसेच सुटे स्वर देऊन मार्क मागितले. सा, प आणि वादी स्वर, म्हणजे रागातला मुख्य स्वर, वर आले, आणि गंमत म्हणजे पाश्चात्त्य श्रोत्यांनाही हे बऱ्यापैकी जमलं, कारण रागात जो स्वर जास्त वेळ वाजतो तो कान तिथल्या तिथे टिपतो. मात्र संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ज्या थाटांत, म्हणजे मूळ सप्तकांत, राग बसवले त्या थाटांची जाण फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत सापडली. म्हणजे काही गोष्टी ऐकता ऐकता कळतात, काही वर्षानुवर्षं मुरल्यावर.

मग प्रश्न वेळेचा. १९९६ मध्ये क्रमहान्सलने मोझार्टच्या एका पियानो सोनाटावर श्रोत्यांना स्क्रीनवरचा स्लायडर दिला, ताण वाढला की वर, सुटला की खाली, संगीत चालू असतानाच. पण सुरुवातीच्या सा ची आठवण टिकते किती? निकोलस कुकने १९८७ मध्ये रचनांचे शेवट दुसऱ्या पट्टीत नेऊन ऐकवले, तर रचना मिनिटभराहून मोठी असली की संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही मूळ पट्टीतला शेवट जास्त बरा वाटला असं दिसेना. हे वाचून मी खूप वेळ विचार करत बसलो, कारण आपल्याकडे तानपुरा अख्खी मैफल सा धरून ठेवतो, तासाभराच्या ख्यालातही तो विसरायची सोयच नाही, त्यामुळे आपला ताण पट्टी बदलून येत नाही तर समोर वाजत असलेल्या सा पासून गाणारा किती वेळ लांब राहतो त्यातून येतो.