बेन सिराची चाळण: नम्रता आणि जीभ यांचं जुनं नातं

आमच्या बेळगावात, कॅम्पातलं कॅथेड्रल असो की खानापूरकडचं एखादं छोटं चर्च, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, "बेन सिराच्या पुस्तकातून वाचन" असं ऐकून घरी येऊन बायबल उघडावं तर ते पुस्तकच सापडत नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. इकडे 1820 पासून लंडन मिशनची प्रोटेस्टंट मंडळी होती, आणि सहज मिळणारं मराठी बायबलही त्याच परंपरेतलं, त्यात हे पुस्तक नाही. कॅथलिक चर्च मात्र ते शतकानुशतकं वाचत आलंय, आणि 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं (कॅथलिक चर्चच्या बिशपांच्या सभेनं) ते पवित्र शास्त्राचाच भाग असल्याचं पक्कं केलं.

आता हे का सांगतोय, तर बोलण्यातला संयम आणि नम्रता यावर जुन्या करारात इतकं सविस्तर फार कमी ठिकाणी सापडतं. बेन सिरा हा यरुशलेमचा शिक्षक, त्यानं इ. स. पूर्व 180 च्या सुमारास हिब्रूत लिहिलं, नातवानं इजिप्तमध्ये त्याचं ग्रीक भाषांतर केलं, मूळ हिब्रू मात्र कित्येक शतकं हरवल्यासारखंच होतं, 1896 ला केंब्रिजमध्ये कैरोहून आलेलं एक जुनं पान ओळखू आलं तेव्हा कुठं ते परत हाती लागायला लागलं.

तो म्हणतो, चाळण हलवली की कचरा वर राहतो तसे माणसाचे दोष त्याच्या बोलण्यात दिसतात, म्हणून बोलणं ऐकल्याशिवाय कुणाची स्तुती करू नका. भात पिकवणाऱ्या आमच्या भागात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 2 मार्च 2025 च्या रविवारी हेच वाचन होतं, ईस्टरआधीचा उपवासकाळ तीन दिवसांवर आलेला. आणि तोच पुढे सांगतो की तलवारीनं पुष्कळ पडले, पण जिभेनं पडले तेवढे नाहीत.

नव्या करारात याकोबाचं पत्र हाच धागा उचलतं, घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, सगळं जिभेसाठी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले तेव्हा सहावा अध्याय मौनावर आणि लगेच सातवा नम्रतेवर ठेवला, नम्रतेच्या 12 पायऱ्या सांगितल्या, त्यातल्या 9, 10 आणि 11 बोलण्याहसण्याबद्दलच आहेत. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, की जीभ सांभाळणं ही त्यानं नुसती शिष्टाचाराची गोष्ट ठेवली नाही, मी मोठा नाही हे मान्य केल्यावरच माणूस दुसऱ्याचं ऐकायला लागतो.

कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर बारीक फरक केलेत. खोटा आळ घेणं वेगळं, आणि एखाद्याचा खराच दोष, काही सबळ कारण नसताना, ज्याला माहीत नाही त्याला जाऊन सांगणं हे वेगळं, पण पाप दोन्ही. मराठी, कोंकणी, कन्नड अशा भाषा एकाच गल्लीत बोलणाऱ्या आमच्या गावांत एक शब्द तीन घरं फिरतो आणि अर्थ बदलून येतो, त्यामुळं हा दुसरा प्रकार आम्हाला जास्त लागू. कन्फेशनमध्ये तो सांगितला तरी तेवढ्यावर भागत नाही, ज्याचं नाव खराब झालं त्याची भरपाई करण्याचं कर्तव्य उरतंच, उघडपणे जमत नसेल तर गुपचूप करायची.