हिमस्खलनाची तयारी निरभ्र रात्री होते

भरपूर बर्फ पडला की हिमस्खलनाचा धोका वाढतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो बर्फ कशावर पडला, हे फारसे कुणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला उतारावर अर्धा मीटर बर्फ साचला आहे असे धरू. जमिनीलगत तापमान ० अंशाच्या आसपास राहते. निरभ्र रात्री पृष्ठभाग मात्र उणे १५ अंशांपर्यंत गार होतो. म्हणजे मीटरमागे ३० अंशांचा फरक. तो साधारण १० अंशांच्या वर गेला की खालच्या उबदार कणांवरून वाफ निघून वरच्या गार कणांवर गोठू लागते. एकमेकांना धरून असलेले बारीक कण काही दिवसांत टोकदार आणि सुटे होतात. खड्डा खणून हा थर हातात घ्या. जाड साखरेसारखा बोटांतून ओघळतो, गोळा काही केल्या वळत नाही. बर्फ जितका पातळ, तितका हा बदल जोरात. म्हणूनच ‘यंदा बर्फ कमी, मग भीती कसली’ ही समजूत मला फार घातक वाटते.

पुढे हिमवृष्टी होते, वारा सुटतो. डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो पलीकडच्या आडोशाच्या उतारावर रचत जातो, आणि हे काम आभाळातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी झपाट्याने होते. आता वर घट्ट, सलग थर आणि खाली भुसभुशीत. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हे सगळे एका माणसाच्या वजनानेही सुटू शकते. पाय पडतो, आतून ‘धुप्प’ असा आवाज येतो, दुबळ्या थरातून भेग दूरवर धावते आणि अख्खा उतार निघतो. कधी कधी तर पायथ्याच्या सपाटीवरून चालणाऱ्यामुळेही वरचा बर्फ सुटतो. जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा हिमस्खलन सुरू होते ते अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या पावलाने.

थर तपासायची एक साधी रीत आहे. बर्फात ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापून मोकळा करतात, माथ्यावर फावडे आडवे ठेवतात आणि त्यावर मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० थापा मारतात. थोड्याच थापांत खांबाचा वरचा भाग अलगद सरकून आला, तर त्या उताराच्या वाटेला जाऊ नये. मात्र खांब टिकला म्हणून उतार निर्धोक ठरत नाही; दहा पावलांवर बर्फाची घडण वेगळी असू शकते.

गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे ९० टक्के लोक वाचतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. बाहेरची मदत इतक्या लवकर क्वचितच पोहोचते, त्यामुळे भिस्त सोबत्यांवर. प्रत्येकाच्या अंगावर चालू स्थितीतले संदेशयंत्र, म्हणजे गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून रेडिओ संकेत सोडणारे आणि पकडणारे उपकरण, हवे, पाठीवर शोधकाठी आणि फावडे हवे. काठी माणसाला लागली की ती उपसायची नाही, तशीच रोवून ठेवायची, आणि खणायला तिच्यापासून उताराच्या खालच्या अंगाने सुरुवात करायची.