विभाजक न शोधता सिद्ध झालेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला की ही ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ असल्याचं एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ मध्ये हातानं हिशेब करून दाखवलं. पुढची ७५ वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाही सिद्ध करता आली नाही.

अशा संख्या ओळखल्या जातात त्या मात्र मर्सेन या धर्मगुरूच्या नावानं. अशी वजाबाकी केल्यावर मूळ संख्या देणाऱ्या, २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी त्यानं १६४४ मध्ये छापली. त्यात १२७ होता. ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांकही होते. ६१, ८९ आणि १०७ सुटले होते. एवढ्या मोठ्या संख्या तेव्हा तपासणं शक्यच नव्हतं, त्यामुळे १२७ चं श्रेय मर्सेनला देताना हात आखडताच घ्यावा.

ऑयलर या गणितज्ञानं १७७२ मध्ये ३१ या घातांकाचा निकाल लावला. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ सेहेचाळीस हजारांच्या जरा वर, आणि विभाजक असलाच तर त्याला ६२ नं भागून बाकी १ यायला हवी. म्हणजे तपासायला थोड्याच संख्या उरतात. १२७ च्या बाबतीत हे वर्गमूळच २० अंकी भरतं. तिथे हा रस्ता संपतो.

ल्युकानं विभाजक शोधणंच सोडून दिलं. त्याच्या कसोटीला आजचं सुटसुटीत रूप लेहमर या गणितज्ञानं १९३० च्या सुमारास दिलं. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. घातांक ५ असेल तर संख्या ३१, आणि तिच्यासाठी ४, १४, ८, ०. घातांकापेक्षा दोननं कमी पायऱ्यांनंतर शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. १२७ ला १२५ पायऱ्या पुरतात. शिवाय द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत ही संख्या म्हणजे सलग १२७ वेळा १, त्यामुळे भागाकार टळतो: उजवीकडचे १२७ अंक तोडायचे आणि डावीकडे उरलेला भाग त्यांत मिळवायचा.

गंमत म्हणजे ही कसोटी नापास संख्येचेही विभाजक सांगत नाही. ६७ हा घातांक चुकीचा असल्याचं ल्युकानंच दाखवलं, पण त्या संख्येचे अवयव फ्रँक कोलनं मांडले ते १९०३ मध्ये.

१९५१ मध्ये हा विक्रम मोडला. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकानं सिद्ध केलेली ७९ अंकी मूळ संख्या ल्युकाच्याच संख्येवर उभी होती: तिचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १.

आणखी एक कोडं मात्र शिल्लक आहे. ३, ७, १२७ आणि ही ३९ अंकी संख्या एका साखळीतल्या आहेत. प्रत्येक संख्या पुढचीचा घातांक होते आणि चारही मूळ आहेत. पाचवी मूळ आहे का, हे अजून ठरलेलं नाही. तिला ल्युकाची कसोटी लावायची तर पायऱ्याच १७ वर ३७ शून्यं इतक्या होतात, म्हणून तिथे पुन्हा विभाजकच शोधावे लागतात.