एकट्या ज्येष्ठांच्या संग्रहालय-सहली : साताऱ्यात हे कुठून आले?

साताऱ्यात ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहली जुन्याच. ठिकाणेही ठरलेली : नरसोबाची वाडी, पंढरपूर, गोंदवले, जवळच जायचे तर सज्जनगड. विधवा, विधुर, लग्नच न केलेले, नवऱ्याने टाकलेल्या अशा एकट्यांनी आपापला गट करून संग्रहालय बघायला जाणे ही मात्र अलीकडची गोष्ट. कोविडनंतर तिने जोर धरला.

बघण्यासारखे जिल्ह्यात आधीपासून होते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर, निम्म्या चढणीला संग्रहालय थाटले. रविवर्म्याचे सैरंध्रीचे चित्र तिथे आहे, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे दगडी माय-लेकरूही आहे. सातारा शहरातल्या एका संग्राहकाचा ऐतिहासिक ठेवा १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, त्याची हळहळ जुन्या सातारकरांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावते. पुढे एसटी स्टँडजवळ शिवाजी संग्रहालय आले. शेजारच्या जिल्ह्यात सांगलीकरांना राजवाड्याच्या आवारातले संग्रहालय आहे. पण ही सगळी ठिकाणे शाळेच्या सहलींची. आजी-आजोबांनी तिथे जायचे ते नातवंडांचा हात धरून.

देवळांकडून संग्रहालयाकडे पाय का वळले, याचे उत्तर औंधच्या त्या एकाच डोंगरावर सापडते. वर देवीची ओटी भरायची तर सवाष्णींनी. अभिषेकाला बसायचे तर जोडीने. नवरा गेलेली बाई आपणहून रांगेतून बाजूला होते आणि विधुर बाहेर चपला सांभाळत उभा राहतो. कोणी काही बोलत नाही, पण कळायचे ते कळते. निम्म्या चढणीवरच्या त्या इमारतीत मात्र तिकीट काढले की सगळे सारखे. मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. त्याने घरोघरी रीत बदलली असे म्हणणे धाडसाचे होईल, पण ‘बायकांनी असे उठून सहलीला जायचे?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज थोडा खाली आला.

खरी गती दिली ती एसटीने, आणि खरा घोळही तिथलाच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायकांना निम्मे तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांना निम्मे भाडे आधीपासून होतेच. आता हिशेब करा. साताऱ्याहून औंधला निघालेल्या गाडीत शेजारी-शेजारी तिघे बसलेत. अठ्ठ्याहत्तरीचे आजोबा आधारकार्ड दाखवतात आणि कंडक्टर मशिनमधून शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो. बासष्टीच्या बाई निम्मे देतात. बासष्टीचाच विधुर पूर्ण देतो. त्याने शासनाचे २०१८ चे ज्येष्ठ नागरिक धोरण वाचले असेल, तर त्यात आपण साठीलाच ज्येष्ठ झालो आहोत हे त्याला ठाऊक असते. धोरणात साठ, तिकिटात पासष्ट! ही पाच वर्षांची फट कोणी बुजवत नाही.

बाजू दुसरीही आहे. सवलतीचे पैसे एसटीला सरकारकडून मिळायचे असतात, महामंडळ आधीच तोट्यात, त्यात आणखी एक गट कशाला, असे म्हणणारे आहेत आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. पण एकट्या पुरुषांना घराबाहेर काढणे मुळातच अवघड असते. बायका भिशीच्या, हळदीकुंकवाच्या, भजनाच्या निमित्ताने एकमेकींना धरून असतात. विधवा झाल्यावर हळदीकुंकू सुटले तरी भजन सुटत नाही. बायको गेलेल्या माणसाचे तसे नसते. चहाची टपरी आणि वर्तमानपत्र एवढ्यावर त्याचा दिवस संपतो. त्यालाच नेमके पूर्ण भाडे, म्हणजे न येण्याला आयते कारण. काही गटांत ही रक्कम वर्गणीतून भरतात. त्यावरही कुरकुर होते, कारण तो नुकताच निवृत्त झालेला, पेन्शनवाला, आणि वर्गणी देणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना दरमहा हातात येते ते निराधार योजनेचे अनुदान.

या सवलती शहर बससेवेला लागू नाहीत, हेही इथे कामाचे. वाई, कोरेगाव, कराडहून येणाऱ्याला स्टँडवर उतरून चालत जाता येईल असेच ठिकाण हवे. साताऱ्याचे संग्रहालय त्या बाबतीत हाताशी. त्याची नवी इमारत लोकांना आधी ओळखीची झाली ती वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे जम्बो कोविड रुग्णालय सुरू झाले होते. जोडीदाराला त्या दारातून आत पाठवून घरी परतलेली माणसे जिल्ह्यात आहेत. त्यांच्यातले काही संग्रहालय बघायला येतात, काही स्टँडवरूनच परत फिरतात.

जुलै २०२४ मध्ये लंडनहून आणलेली वाघनखे या इमारतीत मांडली आणि रांगा लागल्या. ती शिवाजी महाराजांचीच, असे सरकारने सांगितले. लंडनच्या ज्या संग्रहालयाची ती आहेत त्याने तसा पुरावा नसल्याचे कळवले. बाकांवर बसून यावर तावातावाने बोलणारे आजोबा आजवर एकमेकांना नावानेही ओळखत नव्हते, एवढे मात्र खरे. ‘स्थळे बघायला चाललेत’ अशी कुचेष्टाही गटांच्या वाट्याला आली. कोणाचे जुळले तर बिघडले काय, असे एखादी आजी तोंडावर विचारते, तेव्हा कुचेष्टा करणाराच गडबडतो.

२०२५ च्या सुरुवातीला वाघनखे नागपूरला गेली आणि गर्दी ओसरली. सहलीला सोयीचा पडतो तो मंगळवार : सोमवारी संग्रहालय बंद, गुरुवारी निम्म्या मंडळींचा उपास, आणि शनिवार-रविवार मुले घरी असतात.