दुःखमुक्ती : बौद्ध आणि समाजवादी विचार

माणसाच्या दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर केले की दुःखही सरते, यावर बौद्ध आणि समाजवादी या दोन्ही विचारांची भिस्त आहे. दैव, पूर्वलिखित, ईश्वरी इच्छा यांना दोन्हीकडे थारा नाही. वेगळेपण कारणाच्या शोधात आहे. बुद्धाने चार आर्यसत्यांत दुःखाचे मूळ तृष्णेत दाखवले. मार्क्सला ते उत्पादनसाधनांच्या खाजगी मालकीत दिसले: कामगाराच्या हातून घडलेली वस्तू त्याची उरत नाही, मग कामही परके होते आणि शेवटी माणूस माणसाला दुरावतो. १८४४ च्या हस्तलिखितांत त्याने मांडलेली ही परात्मता म्हणजे दुःखाचेच एक निदान होय.

'मन बुद्धाचे, पोट मार्क्सचे' अशी सोपी वाटणी केली जाते, पण पाली वाङ्मयात ती टिकत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेतली, म्हणजे त्यावरच्या भाष्यातली, गोष्ट पाहावी. आळवी नगरीत बुद्धाचे प्रवचन ऐकायला एक गरीब शेतकरी निघाला, तेवढ्यात त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटी, धापा टाकत पोहोचला. बुद्ध तोवर गप्प बसून होते. त्यांनी आधी विचारले, काही अन्न उरले आहे का? शेतकऱ्याला जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला. भिक्षू कुजबुजले, तेव्हा उत्तर मिळाले, 'जिघच्छा परमा रोगा', भूक हा सर्वांत मोठा रोग. दीघनिकाय या बुद्धाच्या दीर्घ प्रवचनांच्या संग्रहातील कूटदंतसुत्तही याच वाटेने जाते. राज्यात लूटमार माजली असता पुरोहित राजाला सांगतो, की शिक्षेने ती थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे.

या दोन विचारांची सर्वांत कसून तुलना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतल्यावर पाचच आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते याच विषयावर बोलले. खाजगी मालकीतून एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळते, हे मार्क्सचे म्हणणे त्यांनी मान्य केले. त्याच कसोटीवर त्यांनी भिक्षुसंघ तपासला: तीन चीवरे (भिक्षूची वस्त्रे), कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके, याखेरीज भिक्षूचे स्वतःचे काही नसे. हिंसा आणि हुकूमशाही मात्र त्यांनी नाकारली. जबरदस्तीने आणलेली समता बळ हटताच ढासळेल, ही त्यांची शंका होती. प्रस्तुत लेखकाला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

प्रत्यक्षातला अनुभव संमिश्र आहे. थायलंडमध्ये भिक्खू बुद्धदास यांनी 'धम्मिक समाजवाद' मांडला. ब्रह्मदेशात ऊ नू यांनी बौद्ध विचार आणि समाजवाद यांची सांगड घातली, पण १९६२ मध्ये लष्कराने त्यांचे सरकार उलथवले. मंगोलियात तर १९३७ नंतरच्या दोन वर्षांत समाजवादी राजवटीनेच हजारो लामांना मारले आणि बहुतेक विहार पाडले.

या संमिश्र अनुभवाचे आणखी एक उदाहरण म्हणजे जपानमधील उचियामा गुदो, सोतो झेन या बौद्ध पंथाचा भिक्षू. कुळे राबूनही दरिद्री का राहतात, हे सांगणारी पत्रके तो मंदिरात लपवलेल्या छापयंत्रावर छापत असे. पंथाने त्याचे भिक्षुपद काढून घेतले. १९११ मध्ये सरकारने त्याला फाशी दिले. ते पद पंथाने १९९३ मध्ये परत बहाल केले.